बी.ए.चा फ्लेक्स

आमच्या चौकात आजवर कशाकशाचे फ्लेक्स लागले नाहीत. दादा, भाऊ, आप्पा यांचे वाढदिवस तर बारमाही. कुणी बुलेट घेतली त्याचा लागला, कुणाचं दहावीचं गणित तिसऱ्या खेपेला सुटलं त्याचा लागला, आणि मागच्या वर्षी मारुतरावांच्या कुत्र्याच्या वाढदिवसाचा लागला, त्यात कुत्र्याला गॉगल होता. पण बी.ए.ला ॲडमिशन घेतली म्हणून पिंपरीत कुणाचा फ्लेक्स लागल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तो मी लावला. म्हणजे लावायला गेले. पुढं जे झालं ते चौकातले लोक आपापल्या परीनं तिखटमीठ लावून सांगतात, म्हणून मी स्वतःच लिहायला बसले आहे. माझी चौथी झालेली आहे. ऱ्हस्वदीर्घ कुणी काढत बसू नये.

मूळ गोष्ट एवढीच. माझी नात साक्षी हिनं बापाच्या हट्टापायी बारावी सायन्स केलं, चांगले मार्क पाडले, आणि मग गुपचूप जाऊन बी.ए.चा फॉर्म भरून आली. इतिहास घेणार म्हणाली. सोमवारी ती कॉलेजातून आली ती न जेवता खिडकीत जाऊन बसली. खोदून विचारल्यावर कळलं, की कॉलेजनं बोर्डावर कागद लावलाय. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शनिवारी पाचपर्यंत वीस विद्यार्थी झाले नाहीत तर यंदा तुकडी बंद. फॉर्म आले होते सतरा. त्या सतरा जणांना हवं तर कॉमर्सला वळवून घेऊ, असंही खाली लिहिलं होतं. दुकानदार नाही का म्हणत, तूरडाळ संपली, मूगडाळ देऊ का.

माझा मुलगा किसन चाकणच्या एका कंपनीत आहे. तो नुकताच फर्स्ट शिफ्ट करून आला होता. त्याला हे ऐकून हायसं वाटलं.

"चला, आपोआप सुटलं," तो म्हणाला. "ताथवड्याला इंजिनिअरिंगच्या सीटा आहेत अजून. माझ्या ओळखीचा एजंट आहे. शनिवारी यांचं बंद झालं की सोमवारी तिकडं घालू."

"तिला विचारलंस?"

"आई, बी.ए. करून कुणाचं भलं झालंय?"

त्या वेळी माझी सून मिनल पोळ्या लाटत होती. हे वाक्य ऐकलं आणि तिचं लाटणं थांबलं. मी पाहिलं, पण वाटलं पीठ कमी पडलं असेल. का थांबलं ते मला शनिवारी कळलं.

मी किसनला म्हणाले, "बाबासाहेबांनी काय मेकॅनिकल केलं होतं?"

किसन नेमका बाबासाहेबांच्या फोटोखालीच बसला होता. चहाचा कप घेऊन आत गेला.

आता कुणी म्हणेल, चौथी शिकलेल्या बाईला इतिहासाचं एवढं का पडलं होतं. सांगते. आमचे हे कंपनीतून निघाले तेव्हा त्यांनी एका कागदावर सही केली होती. तो कागद मी पेटीत जपून ठेवला, कारण त्यावर त्यांची सही आहे. साक्षी नववीत असताना तिनं तो वाचला आणि मला विचारलं, "आजी, यावर स्वेच्छानिवृत्ती लिहिलंय. स्वेच्छा म्हणजे स्वतःची इच्छा. आजोबांची होती?" हे निघाले त्या दिवशी साठ माणसांनी ओळीनं सह्या केल्या होत्या, आणि साठांत एकाचीही इच्छा नव्हती. इतकी वर्षं कागद माझ्या पेटीत होता आणि त्या शब्दाला हे कुणी विचारलं नव्हतं. साक्षीचे पुढं ढीगभर पेपर सायन्सचे झाले असतील, पण हे विचारणं त्यातलं नव्हे. मी तेव्हाच ठरवलं, या पोरीला कागद वाचायला शिकू द्यायचं. नटबोल्ट आवळणारे आमच्या घरात दोन पिढ्या झाले.

तर तीन विद्यार्थी हवे होते. या शहरात तीन माणसं मिळवायची म्हणजे फ्लेक्स. दुसरं साधन मला माहीत नाही.

शेजारच्या सुभद्राबाईंना मी हे बोलून दाखवलं ती माझी पहिली चूक. बाई मूळच्या लातूरकडच्या, मनानं चांगल्या, पण त्यांचा समर्थ इंजिनिअर झाल्यापासून सल्ला विचारावा लागत नाही, तो येतच राहतो. समर्थ पास झाला तेव्हाचा फ्लेक्स त्यांनी अजून टाकलेला नाही. गॅलरीत वॉशिंग मशीनवर ऊन येऊ नये म्हणून बांधलाय. चेहरा उन्हानं उडालाय, नुसता टाय उरलाय.

"बी.ए.चा फ्लेक्स?" सुभद्राबाई म्हणाल्या. "लोक हसतील बघा गिरजाबाई. त्यापेक्षा नुसतं लिहा, उच्च शिक्षणासाठी निवड. कुणाला काय कळायलंय."

"मला कळतंय ना," मी म्हणाले.

मी सगळं रीतसर करणारी बाई आहे. चौकात फ्लेक्स लावायला महापालिकेची परवानगी लागते असं साक्षीनं सांगितलं, तर मी मंगळवारी जाऊन अर्ज केला. खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू रस्ता ओलांडायचा अर्ज घेऊन आलेय. फॉर्मवर कारण विचारलं होतं: वाढदिवस, श्रद्धांजली, नियुक्ती, इतर. शिक्षण 'इतर'मध्ये येतं, हे मला त्या दिवशी समजलं. मजकूर जसाच्या तसा लिहून द्यावा लागला, त्यावर शिक्का बसला, आणि तोच कागद घेऊन मी सनीच्या दुकानात गेले.

सनी म्हणजे आमच्या भागातला फ्लेक्सवाला. वय पंचवीस, केस उभे. त्याला मजकूर दिला तो असा: 'कु. साक्षी हिने बी.ए.ला प्रवेश घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. फक्त तीन जागा शिल्लक. शनिवारपर्यंत भेटा, शुभेच्छुक गिरजाबाई.' खाली माझा मोबाइल नंबर.

"मावशी, टेन्शन घेऊ नका," सनी म्हणाला. "असा बनवतो की चौक थांबेल."

बुधवारी सकाळी चौक खरंच थांबला. फ्लेक्स दहा फुटी होता. मधोमध साक्षी उभी, तिच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात गुंडाळलेला नकाशा, मागं धूर सोडणारा कारखाना. आणि वर हातभर अक्षरांत, बी.ई.ला प्रवेश घेतल्याबद्दल.

मी फोन लावला. सनी म्हणाला, "मावशी, तुमच्या कागदावर चुकून बी.ए. पडलं होतं. मी दुरुस्त केलं. बी.ए.चा कोण फ्लेक्स लावतंय?"

मी त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही, नातवंडं वाचतील. पण खरी गंमत पुढं आहे. बी.ई., फक्त तीन जागा शिल्लक, शनिवारपर्यंत, आणि खाली माझा नंबर. नऊ वाजता पहिला फोन आला. दहापर्यंत मोजायचं सोडून दिलं. चाकणहून, माणहून, मोशीहून. कुणी विचारत होतं कॉम्प्युटर की मेकॅनिकल, कुणी विचारत होतं हॉस्टेल आहे का, एक गृहस्थ तर मला मॅडम म्हणून मुलाची सगळी पत्रिका सांगून मोकळे झाले. मी सगळं ऐकून घेतलं की म्हणायची, "बी.ई. नाही हो, बी.ए. आहे. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी. यायचं का?" समोरून म्हणायचे, "राँग नंबर." अहो, राँग नंबर कसा? नंबर बरोबर होता. सरळ सांगा ना, नको म्हणून.

दुपारी जिन्यात मार्कशीटा घेऊन सात-आठ पालक उभे. सुभद्राबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि वर माझ्याबद्दल काय सांगितलं कुणास ठाऊक, एक बाई माझ्या पायाच पडली. संध्याकाळी किसनच्या त्या एजंटचा फोन. "किसनभाऊ, तुमच्या मातोश्री आमच्या लाइनीत कधीपासून?" किसन लाजून लाल झाला, पण फोन ठेवल्यावर मला म्हणतो, "आई, राहू दे ना तसंच. एका अक्षराचा तर प्रश्न आहे. कंपनीत सगळे अभिनंदन करतायत."

खोटं कशाला बोलू, मलाही सकाळी दोन तास बरं वाटलं होतं. चौकातले पुरुष, जे एरवी मला पाहून रस्ता बदलतात, ते थांबून नमस्कार करत होते. मारुतराव म्हणाले, "गिरजाबाई, नाव काढलं पोरीनं." त्यांच्या कुत्र्यानंही शेपूट हलवली. मग खिडकीत बसलेल्या साक्षीकडे लक्ष गेलं. ती त्या हेल्मेटवाल्या साक्षीकडे बघत होती. म्हणाली, "आजी, ती किती खूश दिसतेय ना." बस. मी चपला घातल्या.

सनीला धरून आणलं. नवा फ्लेक्स करायला मशीन बिघडलेलं, मग ठिगळ ठरलं. गुरुवारी सकाळी त्यानं कुठूनसा एक 'ए' कापून आणला आणि 'ई'वर चिकटवला. तो 'ए' होता 'एकच वादा'मधला. बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट आणि भगव्या रंगाचा, कडेला कुण्या पुढाऱ्याचा अर्धा कान. आता फ्लेक्स असा दिसायला लागला, की बी. हळूच म्हणावं आणि ए ओरडून. हेल्मेट तसंच राहिलं.

"इतिहासाला हेल्मेट कशाला?" मारुतरावांनी विचारलंच.

"खोदकाम असतं," मी म्हणाले. "तुमच्यासारखे लोक काय काय पुरून ठेवतात, ते उकरायचं असतं."

इतक्यात महापालिकेची गाडी आली. साहेबांनी खाली उतरून माझा परवानगीचा कागद पाहिला, फ्लेक्स पाहिला, परत कागद पाहिला. काल कुणीतरी तक्रार केली होती की मजकूर परवानगीपेक्षा वेगळा आहे. आज पाहतात तर मजकूर बरोबर, पण कागदावर कानाचा उल्लेख नाही.

"आजी, काढावा लागेल," ते म्हणाले. "आणि एक सांगू? बी.ए.साठी एवढा आटापिटा कशाला?"

"साहेब, तुमचं काय झालंय?"

साहेबांनी टोपी काढली, परत घातली. "बी.ए. भूगोल," म्हणाले. आणि गाडीत बसता बसता, "शनिवारी संध्याकाळी काढून घ्या. मी त्यानंतर येतो."

दुपारी मी साक्षीला घेऊन कॉलेजात गेले, मुदत वाढवून मागायला. फाटकापाशी एक सडपातळ सर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना हातानं लिहिलेली पत्रकं वाटत होते. साक्षी म्हणाली, "हे धम्मरत्न सर. तत्त्वज्ञान आणि इतिहास शिकवतात. तासिका तत्त्वावर आहेत."

मला फार बरं वाटलं. कुणी कुठल्या पंथाचं असतं, कुणी कुठल्या विचाराचं. हे तासिका तत्त्वाचे. मी प्रिन्सिपॉलांच्या खोलीत गेले आणि खुर्चीवर नीट बसून म्हणाले, "साहेब, तासिका तत्त्वाचा एवढा मोठा अभ्यासक तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही तुकडी बंद करताय?"

साक्षी टेबलाखालून माझा पदर ओढत होती. प्रिन्सिपॉल आधी चष्मा पुसायला लागले. मग त्यांनी समजावून सांगितलं, की आजी, तासिका म्हणजे तास. शिकवलेल्या तासाचा तेवढा पगार. सुट्टीचा नाही, दिवाळीचा नाही, परीक्षेच्या महिन्याचा नाही. तुकडी बंद झाली की सरांचे तास बंद. सर असे नऊ वर्षं आहेत.

खोलीतले दोन शिपाई हसले. चाळीस वर्षं या शहरात राहून, हजार युनियनच्या सभा ऐकून, मला हे कळू नये. पण हसणाऱ्यासमोर गप्प बसायची मला सवय नाही.

"यालाच तत्त्व म्हणतात का तुमच्याकडे?" मी विचारलं. "आमच्या कंपनीत याला कंत्राटी म्हणायचे. आम्ही अडाणी, आम्ही त्याला तत्त्वाचं नाव दिलं नाही."

प्रिन्सिपॉल वाईट माणूस नव्हते. म्हणाले, वरून नियम आहे, खोली डेटा सायन्सला द्यायची आहे, पण वीस झाले तर मी स्वतः सही करतो. शनिवार, पाच.

शुक्रवारी दुपारपर्यंत अठरावा मिळाला नव्हता. मी जिन्यात बसले होते. सुभद्राबाईंचा समर्थ खांद्याला पिशवी लावून खाली उतरत होता. तो रोज दुपारी अभ्यासिकेत जातो, स्पर्धा परीक्षेचं करतो. दोन वर्षं झाली. मी सहज पिशवीत डोकावले. अकरावीचं इतिहासाचं पुस्तक, राज्यशास्त्राचं पुस्तक, भूगोलाचा नकाशा.

"समर्थ, तू इंजिनिअर ना रे?"

"हो आजी."

"मग चार वर्षं मशीन शिकून आता हे बी.ए.चंच वाचतोस, तेही एकट्यानं, पंख्याखाली. वर्गात बसून वाच की. शिकवायला माणूस आहे."

तो पायरीवर बसला. बराच वेळ पिशवीचा बंद पिळत राहिला. म्हणाला, "आजी, खरं सांगू? मला हे वाचायला आवडतं. परीक्षा गेली खड्ड्यात. पण मम्मीला कोण सांगणार?"

"मी," मी म्हणाले, आणि वर जाऊन सांगितलं. सुभद्राबाईंनी आधी गॅलरीत जाऊन वॉशिंग मशीनवरच्या फ्लेक्सची गाठ घट्ट केली. मग म्हणाल्या, "जाऊ द्या. निदान घरातून बाहेर तर पडायलाय."

एकोणिसावा सनी. त्याला मी विचारलंही नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी तो बारावीचं मार्कशीट घेऊन दारात उभा. "मावशी, मी रोज चारशे शब्द छापतो," म्हणाला, "त्यातले निम्मे चुकतात. लोक तसेच लावतात, कुणी वाचतच नाही. तुम्ही पहिल्या आलात अक्षरासाठी भांडायला." माझ्याकडे न बघता म्हणाला, "मराठी घेऊ का मग?"

शनिवार उजाडला. एकोणीस. मी सकाळी भाजी मंडईत उभी राहिले, पिंपरी कॅम्पातल्या दुकानांत फिरले, एका रिक्षावाल्याची बारावी झालीय असं ऐकून त्याच्या मागं स्टेशनपर्यंत गेले. त्याची दहावी झाली होती. दोन वाजता घरी आले तेव्हा पाय भरून आले होते. साक्षीनं कॉलेजची पिशवी खुंटीला अडकवून ठेवली होती, रिकामी.

मिनल स्वयंपाकघरातून आली. हात पदराला पुसले. माझ्यासमोर तिनं एक प्लास्टिकची पिशवी ठेवली, आत घडी घातलेला कागद.

"बारावी आर्ट्स," ती म्हणाली. "एकाहत्तर टक्के."

बावीस वर्षं ही बाई माझ्या घरात आहे. हा कागद तिनं कुठं ठेवला होता हेही मला माहीत नव्हतं.

"अगं, मग सोमवारीच का नाही बोललीस?"

"आई, लग्नानंतर पहिल्या जूनमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं, कॉलेजला जाऊ का. तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतंय?"

मी म्हणाले, आठवत नाही. मला आठवत होतं.

"तुम्ही म्हणाला होतात, बी.ए. करून कुणाचं भलं झालंय."

आठवडाभर मी ज्याच्या त्याच्या तोंडच्या ज्या वाक्याला नावं ठेवत फिरत होते, ते वाक्य माझं होतं. किसननं ते माझ्याकडूनच उचललं होतं. घरात तेच एक वाक्य दोन पिढ्या वापरात होतं, आमच्या तांब्यासारखं.

माफी मागायची मला सवय नाही, आणि त्या दिवशीही जमली नाही. मी म्हणाले, "साडी बदल. पाचपर्यंत वीस होतात की नाही ते बघू."

कॉलेजच्या खिडकीवर साडेचारला पोचलो. क्लार्कनं मिनलचं मार्कशीट उलटं-सुलटं केलं. "बावीस वर्षांचा गॅप? प्रतिज्ञापत्र लागेल. शिक्षणात खंड पडल्याचं कारण लिहा इथं."

मिनलनं पेन धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"लिही," मी म्हणाले. "सासू."

"आई."

"खरं ते लिही. इतिहास शिकायला चाललीस ना?"

क्लार्क वर बघायला तयार नव्हता. मिनलनं बराच वेळ घेतला आणि लिहिलं, घरगुती कारण. सून हुशार आहे, मी नेहमी म्हणते. आता म्हणते. पालकाची सही या रकान्यात मात्र मी दोघींच्या फॉर्मवर सही केली, मिनलच्या आणि साक्षीच्या; साक्षीचा तो रकाना अजून कोराच होता. माझी सही पाच अक्षरांची आहे आणि मी ती सावकाश करते. घड्याळात पाचला सात मिनिटं कमी होती. प्रिन्सिपॉलांनी शब्द पाळला. धम्मरत्न सरांनी फाटकापाशी उरलेली पत्रकं खिशात घातली आणि मला हात जोडले. मी म्हणाले, "सर, तास नीट घ्या. माझी सून आहे, तिला उशीर चालत नाही."

फ्लेक्स साहेबांनी संध्याकाळी उतरवला. सनीनं नवा केला, या वेळी मजकूर तीनदा वाचून. वीस फोटो, सगळ्यांच्या खाली बी.ए., एकसारख्या अक्षरांत. हेल्मेट फक्त समर्थच्या डोक्यावर आहे. तो म्हणाला, राहू दे, मी घातलं होतं ते खरंच होतं.

वर्ग सकाळी साडेसातला भरतो. दोघी सव्वासातला निघतात, सून पुढं, नात मागं. त्याआधी पहाटे मिनल अभ्यासाला बसते, त्यामुळे फर्स्ट शिफ्टचा डबा आता माझ्याकडे. परवा किसन कंपनीतून आला तो डबा आपटूनच. भाजी कच्ची, दोनच पोळ्या, आणि तिसरी अर्धी भाजलेली.

"आई, हे काय?"

"तास भरला," मी म्हणाले. "मी आता या घरात तासिका तत्त्वावर आहे."